सरावाचा नकार

बाबा : म्हणजे मी टाकायचं, पण टाकल्यावर बघायचं नाही?

छबी : टाकल्यावर ते तुमचं राहतच नाही, बाबा. आईच्या फोल्डरमध्ये गेलं की आईचं. ती उघडेल, ती बघेल, ठेवेल नाहीतर पुसेल. तुम्ही फक्त टाकायचं आणि हात काढून घ्यायचा.

बाबा : टपालपेटीसारखं.

छबी : अगदी तस्सं. फटीतून आत. किल्ली तिच्याकडे.

बाबा : आणि माझ्या पेटीत ती टाकणार.

छबी : ती टाकणार, तुम्ही उघडणार. इथे खाली स्टुडिओत फोटो काढलात की ओढून 'आई'मध्ये टाकायचे. वर ती डाग काढेल, मागचं पांढरं करेल, आणि 'बाबा'मध्ये टाकेल. तुम्ही प्रिंट काढायची. झालं. मधे कोणी नको.

बाबा : मधे तू होतीस की.

छबी : होते. पेनड्राइव्ह मुठीत धरायचा, जिना चढायचा, जिना उतरायचा. गिऱ्हाईक विचारतं ना, मुलगी काय करते म्हणून? काय सांगता तुम्ही?

बाबा : शिकलेली आहे म्हणून सांगतो.

छबी : आता सांगा, वायर होती. बदलली, तिच्या जागी हा डबा बसवला.

बाबा : हा डबा चहा तरी मागणार नाही.

छबी : आणि चिडणारही नाही. 'आईला सांग, माणसाचा तीळ पुसू नको.' 'बाबांना सांग, गिऱ्हाइकाची मान सरळ करून मग बटण दाबत जा.' हे त्याला ऐकावं लागायचं नाही. त्याच्या पोटात फक्त फोटो.

बाबा : तीळ पुसलाच होता तिने. तो माणूस उलट पावली परत आला. म्हणाला, बायको म्हणते हा मी नव्हेच.

छबी : बाबा, इकडे लक्ष द्या. दुपारी मी निघणार.

बाबा : या वेळी तरी निघशील?

छबी : दोनदा पुढे ढकललं. आता ते म्हणालेत, यायचं तर या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. आज गाडी सोडली तर नोकरी गेली.

बाबा : आणि हे चाललं नाही तर?

छबी : तर वरचं वर राहील, खालचं खाली. आईचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत. आणि तुम्ही…

बाबा : मी काय?

छबी : तुमचे गुडघे धडधाकट आहेत, बाबा.

बाबा : पुढचं दाखव.

छबी : ही चौकट बघा. वर नावं, खाली परवानग्या. वाचणं, लिहिणं, पुसणं. प्रत्येकासमोर दोन खाने. एक होकाराचा, एक नकाराचा.

बाबा : नकारासमोरसुद्धा बरोबरचीच खूण करायची?

छबी : हो.

बाबा : नकार आहे ना? मग फुली नको?

छबी : तो नकार बरोबर आहे असं समजा. आणि एक ध्यानात ठेवा, नकार होकाराच्या वर. दहा जणांनी होकार दिला आणि एकाने नकार, तर चालतो तो नकार.

बाबा : हे बरं आहे. घरात असं कुठे असतं!

छबी : घरात असंच असतं. बरं, सराव करून बघा. तुमच्या फोल्डरमध्ये ही एकच फाइल आहे. नाव पण नाही, नुसता आकडा. काय आहे हे?

बाबा : स्कॅन आहे एक. असंच.

छबी : मग हिच्यावरच करा सराव. नावांमध्ये सगळ्यात वर 'सर्वजण' आहे, ते धरा. वाचण्यासमोर नकार. करा खूण. खालचं बटण.

बाबा : केलं.

छबी : आता उघडा ती.

बाबा : …परवानगी नाकारली म्हणतंय. अगं, मला नाकारतंय? माझीच फाइल, माझ्याच फोल्डरात.

छबी : सर्वजण म्हणजे सर्वजण. तुम्ही धरून. कळलं ना? आता ती खूण काढून टाका.

बाबा : काढतो. पण हे काय? 'सर्वजण'च्या खाली चार नावं कशी? बाबा, आई, छबी. हे चौथं?

छबी : वाचा की.

बाबा : तू सांग.

छबी : तुमचा चश्मा तुमच्या डोक्यावर आहे. वाचा ना मोठ्याने.

बाबा : तुझ्या बंधुराजांचं खातं कोणी उघडायला सांगितलं?

छबी : आईने. दादा कुठेही असला तरी बाहेरून या डब्यापर्यंत पोचू शकतो. त्याला काही पाठवावंसं वाटलं तर.

बाबा : आजवर काय पाठवलंय त्याने?

छबी : कुठे पाठवणार? फट तरी हवी ना कुठेतरी.

बाबा : माझ्या पेटीत नको. त्याला नकार दे.

छबी : मी नाही देणार.

बाबा : छबे.

छबी : तुमच्या फोल्डरचे मालक तुम्ही. इथे लिहिलंच आहे बघा, मालक. एकट्याला नकार द्यायचा तर त्याचं नाव या रिकाम्या जागेत टाइप करायचं, खाली खूण करायची. मला सांगू नका. इतकी वर्षं तुम्हा दोघांचे निरोप वाहिले. हा नाही वाहणार.

आई : (इंटरकॉमवर) छबे, खाली चहा हवाय का विचार.

छबी : आई, स्पीकर चालू आहे. ऐकतायत ते.

आई : ऐकू देत. मी तुझ्याशी बोलतेय.

बाबा : नको म्हणावं.

छबी : नको म्हणतायत.

आई : हवा असेल. सकाळपासून एकच झालाय. टाकते.

छबी : वर जाते मी. तिचं जोडून झालं की तिथून एक फोटो पाठवून बघते. तोवर तुम्ही तुमचं काय ते करा.

*

आई : ये. बस. धापा टाकतेयस.

छबी : शेवटच्या धापा. उद्यापासून हा जिना सुटला.

आई :
'जिना गं चढते, जिना उतरते,
लेक माझी बाई निरोप वाहते.
वरचा गं शब्द खाली जाईना,
खालचा गं शब्द वरती येईना.'

छबी : आत्ता केलंस?

आई : तू चढत होतीस तेव्हा झालं. पायऱ्यांच्या तालावर. किती आवाज करतेस पायांचा!

छबी : सरक जरा. तुझं फोल्डर दाखवते. हे 'आई'. यात कोणीही टाकेल, उघडणार तू. काय गं, हा फोटो अजून उघडाच आहे पडद्यावर?

आई : तो असाच असतो. कामं आली की खाली बसतो, कामं संपली की वर येतो.

छबी : हा बाहेरच्या काचेतला ना? दादा जुन्या कॅमेऱ्याच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून हसतोय तो?

आई : हसत होता. आता कपाळ आहे आणि हनुवटी आहे. मधे नाही काही.

छबी : मला वाटलं, बाबांनी तो फेकून दिला.

आई : फेकला असता तर बरं झालं असतं. त्याच चौकटीत त्याच्यावर दुसरा फोटो चढवला, कुठल्या तरी बाळाचा. ओलीत दोन्ही एकमेकांना चिकटले. मी सोडवायला गेले, तर याचा चेहरा त्या बाळाच्या पाठीला निघून आला. आयुष्यभर लोकांना सांगितलं, फोटोवर फोटो ठेवू नका म्हणून.

छबी : बाकी सगळं किती छान भरलंयस.

आई : भिंत भरली. सदरा भरला. कापडाच्या चुण्यासुद्धा भरल्या, तिथे नव्हत्या त्यासुद्धा. चेहरा कुठून आणू?

छबी : मनाने काढ की. तुझ्या हातचं तर आहे.

आई : काढून बघितला. मनाने काढलेला माझ्या मनासारखा येतो गं. त्याच्यासारखा येत नाही.

छबी : निगेटिव्ह असेल ना खाली?

आई : असेल. त्यांच्या कप्प्यात. ते काही टाकत नाहीत.

छबी : मग माग.

आई : मागू?

छबी : एवढं सोप्पं आहे आई. 'निगेटिव्ह द्या.' दोन शब्द.

आई : मी म्हटलं होतं, तुम्ही तुमचा शब्द परत घ्या, मग माझा शब्द मिळेल. त्यांनी घेतला नाही. मी दिला नाही. आधी राग होता. राग कधीच गेला, छबे. आता रोज सकाळी वाटतं, बोलावं. इंटरकॉम उचलते. तोंडापर्यंत येतं. आणि मग 'छबे, चहा हवाय का विचार' होतं त्याचं.

छबी : का पण?

आई : बोलवत नाही गं. जमत नाही असं नाही. बोलवत नाही. तो कसा आहे? काल बोललीस ना त्याच्याशी?

छबी : बरा आहे. गोदामात माल उतरवून घेतो. तिथल्या कुणीतरी फोन पुढे केला, आमचा एक फोटो काढ म्हणून. तर हात पाठीमागे घेतला म्हणे त्याने.

आई : नुसत्या फोनलाही?

छबी : नुसत्या फोनलाही.

आई : आज्ञाधारक आहे हो माझा. भरल्या दुकानात बाप म्हणाला, 'कशालाच हात लावू नकोस.' लावत नाही बिचारा कशालाच.

छबी : चूक त्याचीही होतीच. कॉम्प्युटर साफ करतो म्हणाला आणि एका लग्नाचे सगळे फोटो पुसून बसला. नवरी काउंटरवर उभी राहून रडत होती.

आई : मी कुठे म्हणते नव्हती म्हणून? मशीनला हात लावू नको म्हणायचं होतं. मशीनला म्हणायचं. एक शब्द चुकला आणि पोर गेलं. तुझे बाबा अजून स्टुडिओतल्या पडद्यामागेच झोपतात?

छबी : हो. त्या रंगवलेल्या बागेच्या मागे. बाकड्यावर.

आई : गार लागत असेल तिथे. ती जाड चादर घेऊन जा जाताना. माझ्या नावाने देऊ नकोस.

छबी : कोणाच्या नावाने देऊ? कपाट तुझं, चादर तुझी.

आई : सांग, सापडली.

छबी : बरं, चल, आता एक फोटो बाबांकडे पाठव. कुठलाही. हा घे, चश्मेवाल्या आजोबांचा. धर, ओढ, आणि 'बाबा'वर सोड.

आई : सोडला. …नाही घेत.

छबी : परत कर.

आई : परवानगी नाकारली.

छबी : असं कसं? सकाळी चालत होतं. दे मला. …मलाही नाकारतंय. मी मांडलेल्या घरात मलाच दार नाही! बाबा? बाबा, ऐकू येतंय?

बाबा : (इंटरकॉमवर) येतंय.

छबी : काय केलंत तुम्ही?

बाबा : काही नाही. तू सांगितलंस ते.

छबी : तुमचं फोल्डर तुम्हाला तरी उघडतंय का?

बाबा : चहा झाला असेल तर घेऊन ये येताना.

*

छबी : सरका. बघू दे. …बाबा, हे तुम्ही 'सर्वजण'ला नकार दिलात?

बाबा : हो.

छबी : सगळ्याला? वाचणं, लिहिणं, सगळं?

बाबा : सगळीकडे खुणा केल्या.

छबी : सकाळीच दाखवलं ना मी? सर्वजण म्हणजे तुम्ही धरून. स्वतः बाहेर उभे राहिलात आणि आतून कडी घातलीत.

बाबा : माहीत होतं.

छबी : माहीत असून?

बाबा : त्या रिकाम्या जागेत नाव टाइप करायचं होतं ना.

छबी : मग? टाइप करता येत नाही? गिऱ्हाइकांची नावं रोज घालता.

बाबा : पहिलं अक्षर केलं. पुसलं. परत केलं.

छबी : करता येत नाही, की…

बाबा : करवत नाही. नाव घेऊन नकार द्यायचा म्हणजे आधी नाव घ्यायला हवं. इतकी वर्षं 'बंधुराज' म्हणून भागवलं, 'चिरंजीव' म्हणून भागवलं. बोट काही पुढे जाईना. मग वर 'सर्वजण' दिसलं. एकाच्या नावापेक्षा ते सोपं गेलं.

छबी : बाबा, त्या दिवशीही तुम्ही असंच केलंत.

बाबा : कुठल्या दिवशी?

छबी : मशीनला हात लावू नको म्हणायचं होतं. 'कशालाच' म्हणालात.

बाबा : …आई म्हणाली असं?

छबी : मीही तिथेच होते. लॅमिनेशन करत होते त्या टेबलाशी.

बाबा : ती मुलगी रडत होती, छबे. लग्नाचे फोटो परत कुठून काढून देणार होतो मी तिला? परत नवरी हो म्हणू? माझ्या तोंडाला येईल ते आलं. मला वाटलं, रात्री जेवायला बसेल तेव्हा बोलू. तो जेवायला बसलाच नाही.

छबी : त्याला सांगा हे.

बाबा : कसं सांगू?

छबी : फोन करून. माझ्या फोनवरून करा, आत्ता लावून देते.

बाबा : आत्ता नको.

छबी : कधी?

बाबा : चहा गार झाला हा.

छबी : चहाचं जाऊ द्या! मी आता निघाले, तर माझ्यामागे तुम्हाला बोलायला कोण आहे इथे? तो रंगवलेला बगीचा?

बाबा : ओरडू नकोस. इंटरकॉमचा लाल दिवा चालू आहे.

छबी : असू दे चालू. …चला, हे मी काढते. 'सर्वजण', नकार, सगळ्या खुणा बाद. आई, आता टाक तो फोटो.

आई : (इंटरकॉमवर) टाकला. घेतला वाटतं.

छबी : आला. चश्मेवाले आजोबा आले. बघा बाबा, उघडतात?

बाबा : उघडले. चश्म्यावरची चकाकी काढलीय तिने. डोळे दिसायला लागले म्हाताऱ्याचे.

छबी : सांगू तिला, छान काढलीय म्हणून?

बाबा : ऐकतेय ना ती.

छबी : ऐकतेय. पण सांगू का?

बाबा : …सांग.

छबी : आई, चकाकी छान काढलीस म्हणतायत.

आई : मान वाकडीच काढलीय म्हणावं.

छबी : देवा! आता बाबा, तुम्ही टाका एक. तुमच्याकडून वर. म्हणजे दोन्ही बाजू बघून होतील.

बाबा : काय टाकू?

छबी : काहीही. आज कोणी आलं नव्हतं का फोटो काढायला?

बाबा : मघाची ती स्कॅन टाकतो. नाव घालायचंय जरा तिला. आकड्याने काय कळणार?

छबी : घाला. पण काय आहे ती? सकाळपासून नुसतं 'असंच, असंच'.

बाबा : मागे तुझ्या पेनड्राइव्हवर एकदा तिचं एक काम चुकून खाली आलं होतं. बिनचेहऱ्याचं.

छबी : …चुकून?

बाबा : मला काय ठाऊक चुकून की कसं? तेव्हाच कप्प्यातून काढून स्कॅन करून ठेवली होती. द्यायची राहिली.

छबी : इतके दिवस तुमच्याकडे होती ही? बाबा, मी रोज इथून वर जात होते. रोज! माझ्या हातात ठेवायची होती.

बाबा : रोज वाटायचं ठेवावी.

छबी : तुम्ही दोघं ना… हा हॉर्न माझ्या गाडीचा. अजून वेळ होता की! बाबा, नाव घाला आणि ओढून 'आई'वर सोडा. एवढंच. ओढून नेलं की फाइल जशी आहे तशी जाते. जमेल?

बाबा : जमेल. तू पळ.

छबी : ही चादर. सापडली.

बाबा : कुठे?

छबी : सापडली म्हटलं ना. आई, निघाले गं!

आई : वर येऊन जा.

छबी : आता आले तर परत बसेन. इथूनच निघते.

आई : बरं. इथूनच ये. म्हणजे… जाऊन ये. पोचलीस की कळव.

छबी : बाबा, या कोपऱ्यातला दिवा हिरवा असेपर्यंत डबा चालू. लाल झाला तर बंद करून परत चालू करा. मारू नका त्याला.

बाबा : हनुवटी जरा वर कर.

छबी : काय?

बाबा : असं रडक्या तोंडाने गाडीत बसू नये. हनुवटी वर. आता जा.

(बाहेर गाडीचं दार लागतं. काउंटरवर इंटरकॉमचा लाल दिवा तसाच चालू आहे. कळफलकावर एका बोटाचा आवाज येतो, थांबतो, परत येतो.)

आई : छबे? …ए छबे, आलंय गं काहीतरी माझ्या फोल्डरात.

बाबा : …

आई : छबे?

बाबा : गेली ती.

आई : …

बाबा : गाडी वळली कोपऱ्यावरून.

आई : स्वेटर घेतला का तिने?

बाबा : हातात होता.

आई : बरं.

बाबा : काय आलंय?

आई : तुम्हीच टाकलंत ना?

बाबा : हो. निगेटिव्ह आहे. त्याचं. काळ्या कापडाचं ते. दोनदा टिचकी मार त्यावर.

आई : मारली. उघडत नाही.

बाबा : परत मार.

आई : परवानगी नाकारली म्हणतंय.

बाबा : थांब. थांब जरा. …तो सराव.

आई : कसला सराव?

बाबा : सकाळी छबीने नकार द्यायला शिकवला. सराव म्हणून याच फाइलवर खूण केली होती. काढायची राहिली. तशीच वर आली ती.

आई : मग काढा आता.

बाबा : माझा हात पोचत नाही तिथे. टाकलं की तुझं.

आई : मला कुठे येतंय काढता.

बाबा : मलाही नाही.

आई : तिला फोन करू?

बाबा : नको. गाडीतून उतरून परत येईल.

आई : हो. येईल ती.

बाबा : …

आई : …

बाबा : आहेस का?

आई : आहे. नाव तेवढं दिसतंय.

बाबा : दिसतंय?

आई : फाइल मिटलेली आहे, पण खाली नाव आहे. पूर्ण. तुम्ही टाइप केलंत?

बाबा : एका बोटाने.

आई : वेलांटी चुकलीय. पहिली हवी, दुसरी दिलीत.

बाबा : शाळेत घातला तेव्हाही मी तशीच लिहिली होती.

आई : तेव्हाही चुकलीच होती.

बाबा : तुला बदलता येईल ती. फोल्डर तुझं आहे.

आई : येईल.

बाबा : मग कर दुरुस्त.

आई : राहू द्या.